ओळखपत्रावरचा एक शब्द



आजचे शुभवर्तमान योहानच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी येते. पाच भाकरींनी तृप्त झालेला जमाव प्रभूच्या मागे कफर्णहूमपर्यंत गेला होता. तेथे सभास्थानात प्रभूने आपल्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी शिकवण दिली. ती लोकांना पचली नाही. कुरकुर सुरू झाली आणि नुसता जमावच नव्हे, तर कालपर्यंत शिष्य म्हणवणारे पुष्कळ जण उठून निघून गेले. येशूने कोणाचाही हात धरून ठेवला नाही. शिकवण थोडी सौम्य करून सांगतो, थांबा, असेही तो म्हणाला नाही. जाणाऱ्यांना त्याने शाप दिला नाही. उलट उरलेल्या बारा जणांकडे वळून, तुम्हालाही जायचे आहे काय, असे त्याने सरळ विचारले.

आपण या उताऱ्यावर बोलताना बहुतेक वेळा पेत्राच्या उत्तराकडे धावतो. उत्तर सुंदर आहेच. पण आज मला येशूच्या प्रश्नापाशी थोडे थांबायचे आहे. पेत्र राहिला याला मोल आहे, कारण त्याला जाता येत होते. सभास्थानाचे दार उघडे होते. तेच दार बंद असते, बाहेर पहारेकरी उभे असते आणि मग पेत्र म्हणाला असता की प्रभो, आम्ही तुझ्याजवळच राहतो, तर त्या बोलण्याला काय अर्थ उरला असता?

हा प्रश्न पुस्तकी वाटेल, म्हणून एका स्त्रीची हकीकत सांगतो. ती मलेशियातील आहे. तिचे नाव लीना जॉय. तिचा खटला जगभर गाजला आणि तो न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेला आहे, म्हणूनच तिचे नाव घेतो.

ती १९६४ साली एका मलय मुस्लिम कुटुंबात जन्मली. आईवडिलांनी तिचे नाव अझलिना ठेवले. १९९० च्या सुमारास ती चर्चमध्ये येऊ लागली. तिला कोणी पैसे देऊन किंवा भुलवून आणले नव्हते. आठ वर्षे ती येत राहिली आणि मे १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या एका कॅथलिक चर्चमध्ये तिला स्नानसंस्कार मिळाला. आठ वर्षे! आपल्यापैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा आपण पाळण्यात असतानाच उरकला गेला. आपल्याला त्याची आठवण होते ती दाखल्यासाठी पॅरिश ऑफिसात यावे लागते तेव्हा. तिने तो आठ वर्षे चालत जाऊन घेतला.

पुढे एका ख्रिस्ती माणसाशी तिचे लग्न ठरले. येथे अडचण सुरू झाली. मलेशियात मुस्लिमांचे विवाह शरियत कायद्याखाली होतात आणि मुस्लिम स्त्रीला मुस्लिमेतराशी लग्न करता येत नाही. मुस्लिमेतरांच्या विवाहाचा नागरी कायदा मुस्लिमांना लागूच होत नाही. मग कोण मुस्लिम आणि कोण नाही हे ठरवायचे कसे? ओळखपत्र पाहून. आपल्या आधार कार्डावर धर्माचा रकाना नाही. तेथे मुस्लिम नागरिकाच्या ओळखपत्रावर 'इस्लाम' हा शब्द छापलेला असतो.

तिने नोंदणी खात्याकडे अर्ज केले. पहिला १९९७ साली केलेला अर्ज नामंजूर झाला. १९९९ साली नवे नाव मात्र मंजूर झाले. म्हणजे कार्डावर 'लीना जॉय' आले, पण 'इस्लाम' हा शब्द तसाच राहिला. तो काढून टाका, अशी विनंती तिने पुन्हा केली. खात्याने सांगितले, शरियत न्यायालयाकडून तू इस्लाम सोडल्याचा दाखला आण, मग पाहू.

वरवर पाहता यात काही वावगे नाही. सरकारी कचेरी कागद मागतेच. आपल्याकडे तर एका कागदासाठी दुसरा कागद आणि त्यासाठी तिसरा कागद लागतो. पण त्या दाखल्याचा अर्थ पाहा. मलेशियातील काही राज्यांत धर्मत्याग हा शरियतनुसार गुन्हा आहे. तेथे जाऊन अर्ज करणे म्हणजे स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करणे. मिळेल ते उत्तर दाखल्याचे असेल, समुपदेशनाचे असेल किंवा सुधारगृहाचे असेल. २००७ सालीच मलाक्का राज्यातील एका स्त्रीला असा अनुभव आला. तिचे आईवडील मुस्लिम झाले होते, पण ती आजीजवळ हिंदू म्हणून वाढली होती. मला हिंदू म्हणून नोंदवा, असे मागायला ती शरियत न्यायालयात गेली आणि तिला सुमारे सहा महिने सुधार केंद्रात ठेवण्यात आले. तिचा नवरा हिंदू होता आणि पदरात तान्हे मूल होते. हे मुद्दाम सांगतो, कारण हे दुःख फक्त ख्रिस्ती लोकांचे आहे असे कोणी समजू नये.

लीना जॉय शरियत न्यायालयात गेली नाही. मी ख्रिस्ती आहे, मग त्या न्यायालयाचा माझ्यावर अधिकार कसा, असा तिचा सवाल होता. ती देशाच्या नागरी न्यायालयात गेली. मलेशियाच्या राज्यघटनेचे अकरावे कलम प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा व आचरण्याचा अधिकार देते. पण त्याच घटनेच्या एकशे साठाव्या कलमात 'मलय' कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे: जो इस्लाम धर्म मानतो, नेहमी मलय भाषा बोलतो आणि मलय रीतिरिवाज पाळतो. २००१ साली उच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. मलय माणूस मरेपर्यंत इस्लाममध्येच राहतो, असा त्या निकालाचा सूर होता. २००५ साली अपील न्यायालयाने दोनास एक मतांनी तेच कायम केले. शेवटी ३० मे २००७ रोजी पुत्रजया येथील संघीय न्यायालयाने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा दोनास एक मतांनी तिच्याविरुद्ध निकाल दिला. बहुमताचे म्हणणे असे की, मनात आले म्हणून कोणालाही धर्म सोडता किंवा धरता येत नाही. सोडायचा असेल तर त्याच धर्माच्या नियमांनी सोडावा लागतो. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती रिचर्ड मलांजुम यांनी लिहिले की, नोंदणी खात्याची ही अट अवाजवी आहे, ती फक्त एका गटावर लादलेली आहे आणि तिच्या कार्डावरून तो शब्द निघायला हवा. ते त्या पीठावरचे एकमेव मुस्लिमेतर न्यायमूर्ती होते. न्यायालयाबाहेर जमलेल्या शेकडो लोकांनी निकाल ऐकून जयघोष केला.

खटला चालू असतानाच तिच्या घरच्यांनी तिला टाकले होते आणि तिला लपून राहावे लागत होते, असे वृत्तपत्रांनी लिहिले होते. निकाल लागला तेव्हा ती बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची होती. लग्नासाठी तिने अर्ज केले होते तेव्हा ती पस्तिशीची होती. या आकड्यांत एका स्त्रीचे काय काय गेले, ते आपल्या आयाबहिणींना मी सांगायला नको.

बंधुभगिनींनो, छळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार आणि सिंहाची गुहा येते. तसा छळही आपल्या काळात झालेला आहे. इराणमध्ये मेहदी दिबाज या धर्मांतरिताने जवळजवळ दहा वर्षे तुरुंगात काढली. डिसेंबर १९९३ मध्ये त्यांना धर्मत्यागासाठी मृत्युदंड सुनावण्यात आला. बिशप हाइक होवसेपियान यांनी जगभर हाक दिली, म्हणून जानेवारी १९९४ मध्ये ते सुटले. त्यानंतर काही दिवसांतच बिशप बेपत्ता झाले आणि त्यांचा खून झाल्याचे उघड झाले. त्याच वर्षाच्या मध्यावर दिबाज यांचाही मृतदेह सापडला. २००६ साली अफगाणिस्तानात अब्दुल रहमान यांच्यावर असाच खटला उभा राहिला तेव्हा पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी राष्ट्राध्यक्ष करझाई यांच्याकडे रदबदली केली आणि इटलीने त्यांना आश्रय दिला. सुदानमध्ये २०१४ साली मरियम इब्राहिम या गर्भवती स्त्रीला फाशीची शिक्षा झाली. तिचे वडील मुस्लिम होते, पण आईने तिला ख्रिस्ती म्हणून वाढवले होते. तिने तुरुंगात, पायांत बेड्या असताना मुलीला जन्म दिला. पुढे तिची सुटका झाली आणि रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला भेटून आशीर्वाद दिला. सुदानने धर्मत्यागाच्या मृत्युदंडाचा तो कायदा २०२० साली रद्द केला, हेही सांगितले पाहिजे. असे कायदे बदलू शकतात.

फाशीची बातमी आली की जग जागे होते. ओळखपत्रावरच्या एका शब्दासाठी कोण जागे होणार? मलेशियात ख्रिस्तसभा भूमिगत नाही. तेथे दहा माणसांमागे जवळजवळ एक ख्रिस्ती आहे. चर्चच्या घंटा वाजतात, मिस्सा होतात, पेनांगजवळच्या बुकित मेर्ताजाम येथे संत अन्नाच्या सणाला दर जुलैत अफाट गर्दी लोटते. चिनी, तमिळ, सबाह-सारावाकचे आदिवासी सगळे येतात. फक्त एका समाजाच्या माणसाला त्या दारातून आत आल्याची नोंद करता येत नाही. तिला कोणी मारले नाही. कायद्याने तिला एवढेच सांगितले की, तू काय मानतेस हे आम्हाला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता मुस्लिम बांधवांवर राग काढून मोकळे होण्याआधी थोडे थांबू या. मलय लोकांची भीती समजून घेतली पाहिजे. ब्रिटिश काळात खाणींसाठी आणि रबराच्या मळ्यांसाठी चिनी व भारतीय मजूर मोठ्या संख्येने आले. आपल्याच भूमीत आपण अल्पसंख्य होऊ, आपली भाषा आणि चाल पुसली जाईल, या धास्तीतून धर्म आणि जात यांची ती घट्ट गाठ बांधली गेली. वसईत राहणाऱ्याला ही धास्ती परकी वाटू नये. वाड्या गेल्या, बोली गेली, पोरे बाहेर लग्ने करतात, हे आपण रोज ओट्यावर बसून बोलतो. भीती खरी असते. पण भीतीने बांधलेली गाठ कोणाच्या गळ्याभोवती पडेल हे सांगता येत नाही.

आणि हेही लक्षात ठेवा की, त्या काळात लीना जॉयच्या हक्काच्या बाजूने उभे राहिलेले मलिक इम्तियाज सरवार हे वकील स्वतः मुस्लिम आहेत. त्यांना त्यासाठी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात श्रद्धेच्या बाबतीत जबरदस्तीला नकार दिला आहे, याची आठवण कितीतरी मुस्लिम विद्वान आपल्याच लोकांना करून देतात. १९४८ साली मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत लिहिले जात होते, तेव्हा सौदी अरेबियाने हरकत घेतली. पण पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी इस्लामचाच आधार घेऊन त्या कलमाला पाठिंबा दिला. रिक्षा स्टँडवर किंवा व्हॉट्सअॅपवर लीना जॉयची गोष्ट शेजारच्या मुस्लिमाला हिणवायला वापरली जाणार असेल, तर ती मी सांगितलीच नाही असे समजा.

आपले घर तरी स्वच्छ आहे काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे मी कितीदा नतमस्तक झालो आहे. ज्याने कधी श्रद्धा स्वीकारलीच नाही त्याच्यावर ती लादता येत नाही, कारण विश्वास ठेवणे हे इच्छेचे काम आहे, असे ते शिकवतात. पण पुढे तेच म्हणतात की, ज्याने एकदा श्रद्धा स्वीकारली त्याला ती पाळण्यास भाग पाडावे. नवस करणे ऐच्छिक असते, पण केलेला नवस फेडणे बंधनकारक असते. आत येणे मोकळे, बाहेर जाणे बंद. पुत्रजयाच्या त्या निकालातला युक्तिवाद याच्यापासून फार दूर नाही. एवढ्या मोठ्या संताची ही चूक मान्य करायला मनाला जड जाते, पण विचार अर्ध्यावर सोडला की काय होते ते तेथे दिसते. आत येणे जर इच्छेचे काम असेल, तर राहणे हेही रोजच्या रोज इच्छेचेच काम असले पाहिजे.

त्या अर्ध्या विचाराची किंमत आपल्याच मातीने मोजली आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. ती मधल्या खंडानंतर १८१२ साली कायमची बंद झाली. १७३९ पर्यंत वसई पोर्तुगिजांकडे होती आणि त्या न्यायासनाचा हात येथपर्यंत पोहोचत होता. तेथे कोणाला शिक्षा होत असे? मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्या, पण जुन्या देवाकडे किंवा जुन्या रीतीकडे वळलेल्या माणसांना. १७३६ च्या गोव्यातील फर्मानाने लग्नातल्या हळदीवर, विड्याच्या पानांवर आणि लग्नगीतांवरसुद्धा बंदी घातली. आज आपल्या मंडपात हळद लागते आणि म्हाताऱ्या बायका गाणी म्हणतात तेव्हा हे आठवावे.

ख्रिस्तसभेने हा विचार पूर्ण करायला शतके घेतली. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. २३०८ धर्माचार्य बाजूने होते, ७० विरोधात. कोणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागायला भाग पाडू नये आणि तिच्याप्रमाणे वागण्यापासून अडवूही नये, अशी ती शिकवण आहे. आणि १२ मार्च २००० रोजी संत पेत्राच्या महामंदिरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या मुलांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेल्या असहिष्णुतेची कबुली त्यात होती. ज्यांनी ती कबुली वाचली ते कार्डिनल रॅत्झिंगर, म्हणजेच पुढचे पोप बेनेडिक्ट.

आपल्या देशातले कायदे मलेशियासारखे नाहीत. येथे धर्म सोडला म्हणून सुधारगृहात पाठवत नाहीत. तरीही १९६७ साली ओरिसात आणि १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मांतराविषयी कायदे झाले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. त्यानंतर अनेक राज्यांनी अधिक कडक कायदे केले. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने तर धर्म बदलण्याच्या साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवण्याची अट घातली. फसवून किंवा आमिष दाखवून धर्मांतर करणे पाप आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आठ वर्षे चालत आलेल्या माणसाने कोणत्या खिडकीपाशी उभे राहून परवानगी मागावी, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही. आणि तो विचारण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच आहे, जेव्हा आपण दोन्ही बाजूंनी तो विचारू.

येथे मी थोडे कठोर बोलणार आहे. आपल्या गावांत अशी घरे आहेत, जेथे मुलीने नवऱ्याचा धर्म घेतला म्हणून तिचे नाव घेतले जात नाही. मुलगा दुसऱ्या पंथात गेला म्हणून बापाच्या मयतीला त्याने खांदा द्यायचा नाही, असे ठरवणारे भाऊ आहेत. आमच्याकडे शरियत न्यायालय नाही, ओळखपत्रावर शब्द नाही. पण जेवणाच्या पंगतीत, जमिनीच्या वाटणीत, कबरस्तानाच्या फाटकापाशी आपण तोच शब्द छापतो. मला कळते, हे दुःख आहे. ज्या आईने मुलीला मांडीवर घेऊन क्रुसाची खूण शिकवली, तिला ती मुलगी गेल्याचे दुःख होणारच. येशूलाही कफर्णहूमला दुःख झाले असेल. मी कोणाला त्या दुःखावर पांघरूण घाला असे म्हणत नाही. आपल्या श्रद्धेचे महत्त्व कमी करा असेही म्हणत नाही. गेलेल्याने परत यावे म्हणून प्रार्थना करायलाच हवी. पण प्रार्थना करणे वेगळे आणि पाणी तोडणे वेगळे. लीना जॉयच्या घरच्यांनी तिच्याशी जे केले त्याला आपण छळ म्हणतो. तेच आपण करतो तेव्हा त्याला घराची अब्रू म्हणतो.

ज्याला उघडपणे प्रभुभोजन घेता येत नाही, ज्याचा बाप्तिस्मा कोणत्याही कागदावर नाही, ज्याची बायकोपोरे उद्या काय होईल या चिंतेत झोपतात, असे आपले बंधुभगिनी आज अनेक देशांत आहेत. त्यांतले काही जण या घटकेला आपल्यासारखाच रविवार पाळत असतील, पण खिडक्या लावून. आपण येथे उशिरा आलो तर मागच्या बाकावर बसतो आणि मिस्सा लांबली तर घड्याळ पाहतो.

म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करू या. आजच्या तिन्ही मिस्सांत, भाविकांच्या प्रार्थनेत, श्रद्धेसाठी छळ सोसणाऱ्या धर्मांतरितांसाठी एक विनंती घातली आहे. तिला नुसते सवयीने उत्तर देऊ नका. आणि रोज संध्याकाळी घरच्या जपमाळेतील एक दशक त्यांच्यासाठी म्हणा. ज्यांच्या घरातले कोणी ख्रिस्तसभा सोडून गेले आहे, त्यांनी त्या दशकाच्या वेळी त्या व्यक्तीचेही नाव मोठ्याने घ्यावे. कित्येक वर्षांत ते नाव त्या घरात उच्चारले गेले नसेल. उच्चारल्यावर तिच्यासाठी काय मागायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

तुमचा प्रभूमधील,
प्रमुख धर्मगुरू